वाचनखुणांचें गाठोडें

ग्रंथ वाचतां वाचतां मध्येंच उठावें लागलें, तर जेथवर वाचन झालें तेथें कांहीं खूण ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पोथीच्या सुट्या पानांत कोणी वाळलेलें बिल्वपत्र ठेवी, कोणी दोऱ्याचा तुकडा, तर कोणी मोरपीस. पानाचा कोपरा दुमडणारे विद्यार्थीहि पुष्कळ असत, आणि त्याबद्दल गुरुजींच्या छडीचा प्रसादहि त्यांस मिळे. या सर्व खुणांचा अर्थ एकच असे. पोथी एक, म्हणून खूणहि एक. आणि ‘येथून पुढें वाचावयाचें आहे’ एवढेंच ती सांगे. हल्लींच्या विद्यार्थ्यांच्या खुणा मात्र शेंकड्यांनीं मोजाव्या लागतात, व त्या काय सांगतात हें पुष्कळदां त्यांचें त्यांसहि ठाऊक नसतें. या महिन्यांत वाचकांशीं याच विषयावर दोन शब्द बोलावे असा आमचा विचार आहे.

महाजालांतील पानें ज्या साधनानें पाहावयाचीं त्यास ब्राउझर म्हणतात, हें आतां शाळकरी मुलांसहि सांगावें लागत नाहीं. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत इ. स. १९९० मध्यें पहिला ब्राउझर तयार केला. १९९३ सालीं निघालेल्या मोझेइक ब्राउझरांत आवडलेल्या पानांची यादी करण्याची सोय होती. तिला ‘हॉटलिस्ट’ म्हणत. पुढील वर्षीं आलेल्या नेटस्केपनें त्याच सोयीस ‘बुकमार्क’ असें नांव दिलें, व मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरांत तिचेंच ‘फेव्हरिट्स’ झालें. यांपैकीं बुकमार्क हा शब्द सर्वत्र रूढ झाला. परंतु नांव जरी पुस्तकांतील खुणेचें असलें, तरी ही खूण पुस्तकांत ठेविलेली नसते. पुस्तक दुसऱ्याच्या घरीं असतें. आपल्या हातीं केवळ त्या घराचा पत्ता असतो. हा भेद पुढें महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो येथेंच सांगून ठेवितों.

आमची एक भाची संस्कृत घेऊन एम्. ए. करण्याकरितां पुण्यास आमच्या घरीं राहावयास आली आहे. तिचा ब्राउझर आम्हीं प्रथम पाहिला तेव्हां तो कोणा दुसऱ्याच जातीचा आहे कीं काय, असें वाटलें. नवें पान उघडतांच समोर येणारे बातम्यांचे मथळे तिनें काढून टाकिले होते. आम्हीं कारण विचारिलें, तेव्हां ती म्हणाली, “मामा, सकाळी कोश उघडायला बसावं आणि कुणाच्या तरी लग्नाच्या बातमीत अर्धा तास जावा, असं रोजच व्हायला लागलं होतं.” अक्षरांचा आकार तिनें वाढविला होता, कारण द्ध, द्भ, द्व यांसारखीं जोडाक्षरें बारीक टंकांत एकमेकांत मिसळतात. वरच्या पट्टीवरील खुणांचीं नांवें पुसून केवळ चिन्हें ठेविलीं होतीं, म्हणजे थोड्या जागेंत अधिक मावतात.

तिची आणखी एक युक्ति आम्हांस फार आवडली. वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा व मोनियर-विल्यम्स यांचा १८९९ चा, असे दोन्ही संस्कृत-इंग्रजी कोश जर्मनींतील कोलोन विद्यापीठानें महाजालावर उपलब्ध करून दिले आहेत. या प्रत्येक कोशास तिनें एकेका अक्षराची संज्ञा दिली आहे. पत्त्याच्या चौकटींत तें अक्षर व त्यापुढें हवा तो शब्द लिहिला, कीं कोशाचें नेमकें पान समोर येतें. पाणिनीनें ‘टि’, ‘घु’, ‘भ’ अशा इवल्याशा संज्ञा योजून केवढा विस्तार वांचविला, हें ज्यांनीं अष्टाध्यायी शिकविली आहे त्यांस या युक्तीचें मर्म निराळें सांगावयास नको.

आमच्या सौ.चें मत मात्र प्रथम प्रतिकूल होतें. एका रविवारीं भाची सकाळपासून ब्राउझरचे रंग बदलीत बसली, तेव्हां त्या म्हणाल्या, “अगं, ताट-वाट्या मांडण्यातच दुपार झाली, तर जेवायचं केव्हा?” आक्षेप योग्यच होता. पण त्याच स्वयंपाकघरांत मिसळणाचा डबा हाताशीं व लोणच्याची बरणी वरच्या फळीवर कां असते, याचाहि विचार करावा. रोज लागणारी वस्तु जवळ, क्वचित् लागणारी दूर, आणि न लागणारी घराबाहेर, ही मांडणी म्हणजे शृंगार नव्हे. ब्राउझर आपल्या सोयीचा करून घेण्यांत कालापव्यय कोठें सुरू होतो, हें ओळखण्याची खूणहि हीच. जो बदल केल्यानें उद्यां वेळ वांचेल तो करावा. जो केवळ पाहून आनंद होईल तो सणासुदीस करावा.

येथें पालकांस एक सूचना करणें आम्हांस अवश्य वाटतें. ब्राउझरांत भर घालणारे ‘एक्स्टेन्शन’ नांवाचे लहान लहान कार्यक्रम मिळतात. त्यांतील कित्येक खरोखरच उपयुक्त असतात. परंतु त्यांपैकीं बरेच बसवितांना सर्व संकेतस्थळांवरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागतात. त्या मजकुरांत आपला पत्रव्यवहार व बँकेचा हिशेबहि आला. केवळ रंगीत घड्याळ दिसावें म्हणून घराच्या किल्ल्या परक्याच्या हातीं कोण देईल? असे कार्यक्रम मोजकेच ठेवावे, आणि वापरांत नसलेले काढून टाकावे.

आतां खुणांकडे वळूं. आमच्या भाचीनें दीड वर्षांत १,३१२ खुणा सांठविल्या होत्या. प्रथम तिनें त्यांचे कप्पे केले: व्याकरण, इतिहास, कोश, परीक्षा, संकीर्ण. थोड्याच दिवसांत ‘संकीर्ण’ हा कप्पा बाकीच्या चारांहून मोठा झाला. शिवाय कात्यायनाच्या कालनिर्णयाविषयींचें पान व्याकरणांत घालावें कीं इतिहासांत, हा प्रश्न उरलाच. हा प्रश्न ग्रंथपालांचा जुना सोबती आहे. मेल्विल ड्यूई यांनीं १८७६ सालीं दशांश पद्धति काढिली, तींत ग्रंथास एक ठरलेलें स्थान मिळतें. आपल्या शि. रा. रंगनाथन यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदु वर्गीकरणांत ग्रंथाच्या विषयाचीं निरनिराळीं अंगें वेगळीं मांडून तीं जोडण्याची रीत दाखविली. फायरफॉक्स या ब्राउझरांत एकाच खुणेस अनेक शब्दांच्या चिठ्या लावितां येतात. त्यामुळें तेंच पान ‘व्याकरण’ म्हणूनहि सांपडतें व ‘इतिहास’ म्हणूनहि. भाचीनें तो मार्ग धरिला, आणि गाठोडें नीटनेटकें झालें.

पण नीटनेटकें झालें म्हणजे सुरक्षित झालें, असें नव्हे. तिचा लघुप्रबंध कात्यायनाच्या वार्तिकांविषयीं होता. त्यांतील एका प्रकरणाचा सारा भार एका हस्तलिखितांतील पाठभेदावर होता, आणि त्या हस्तलिखिताचें वर्णन एका लहान संस्थेच्या संकेतस्थळावर तिनें पूर्वीं पाहिलें होतें. खूण होती, कप्पा होता, चिठ्ठीहि होती. प्रबंध देण्यास तीन आठवडे उरले असतां तिनें ती खूण उघडली, तों तें पान नाहींसें झालेलें! जुन्या पानांच्या प्रती जपणारें ‘वेबॅक मशीन’ २००१ पासून सर्वांस खुलें आहे. तेथें त्या स्थळाचें मुखपृष्ठ मिळालें, आंतील पान मिळालें नाहीं. चार दिवस तिनें ग्रंथालयांत छापील हस्तलिखित-सूची चाळिल्या. हस्तलिखिताचा उल्लेख सांपडला, पाठभेदाचा नाहीं. “मला तो पाठ स्वच्छ आठवतो,” असें तिनें आपल्या मार्गदर्शकांस सांगितलें. ते म्हणाले, “आठवतं हा पुरावा होत नाही.” शेवटीं तिच्या प्रबंधांतील सर्वांत चांगलीं दोन पानें तिनें स्वतःच्या हातानें कमी केलीं. त्या रात्रीं ती जेवली नाहीं.

असें तिचें एकटीचेंच होतें असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील प्यू संशोधन केंद्रानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, २०१३ मध्यें अस्तित्वांत असलेल्या पानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनंतर नाहींशीं झालेलीं आढळलीं. खुणा सांभाळणाऱ्या सेवांचीहि तीच गत होते. गूगलची बुकमार्क-सेवा २०२१ च्या सप्टेंबरांत बंद झाली. पुढें वाचावयाचे लेख सांठविणारी ‘पॉकेट’ ही सेवा २०२५ च्या जुलैंत मिटली. पुस्तकांतली विद्या व परक्याच्या हातांतलें धन यांस आपल्या सुभाषितकारांनीं एकाच पंक्तीस कां बसविलें, हें या पिढीस कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं.

मग करावें काय? आमच्या भाचीनें जो नेम धरिला तोच आम्ही सुचवितों. खूण करण्यापूर्वीं पान वाचावें. महत्त्वाचें असेल तर त्याची प्रत आपल्या संगणकावर उतरवावी. नंतर साध्या वहींत तीन गोष्टी लिहाव्या: पान कोणाचें, कोणत्या दिवशीं पाहिलें, व त्यांतून आपणांस नेमकें काय मिळालें. महिन्यांतून एकदां सर्व खुणांची यादी एका फाइलींत काढून ठेवावी; प्रमुख ब्राउझरांत ही सोय आहे, आणि फाइलीची ही धाटणी नेटस्केपच्या काळापासून चालत आल्यामुळें एका ब्राउझरांतील खुणा दुसऱ्यांत नेतां येतात. व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञानें जुलै १९४५ च्या ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत अशा यंत्राची कल्पना मांडिली होती, कीं ज्यांत वाचक एका लेखापासून दुसऱ्या लेखापर्यंत आपली वाट आंखील व वाटेंत स्वतःचीं टिपणेंहि जोडील. वाट आंखण्याची सोय आपणांस पुरेपूर मिळाली. टिपण जोडण्याचे कष्ट मात्र ज्याचे त्यानेंच करावयाचे आहेत.

या नेमाचा एक परिणाम आम्हीं प्रत्यक्ष पाहिला. पूर्वीं दिवसाकांठीं दहा खुणा करणारी भाची आतां आठवड्यांत दहा करीत नाहीं. तीन ओळी लिहिण्याइतकें जें पान मोलाचें वाटत नाहीं, त्याची खूणहि तिला करावीशी वाटत नाहीं. वाचकहो, आपल्या घरीं कोणी विद्यार्थी असेल, तर एखाद्या संध्याकाळीं जवळ बसून त्याच्या खुणांपैकीं कोणत्याहि पांच निवडा, व पान न उघडतां त्यांत काय आहे तें त्यास विचारा. रागावूं नका, उत्तर आलें नाहीं तर दोघांनीं मिळून तें पान वाचा. तें अजून जागेवर असेल, तर वाचनास आजचाच दिवस चांगला.