हीटरच्या युनिटांचा हिशेब

दुकानातील प्रत्येक वस्तूची खरेदी-किंमत पैशापर्यंत ठाऊक असणाऱ्या घरातही हीटरचा खर्च मात्र अंदाजानेच ठरतो. नाशिकच्या थंडीत आजोबांच्या खोलीत हीटर लागतो, पुढच्या महिन्याच्या वीजदेयकावरून कुरबुर होते आणि आजोबा आपणहून तो बंद करून दोन रजया घेतात. वास्तविक हा हिशेब देयक येण्यापूर्वीच मांडता येतो.

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. म्हणजे 2000 वॅटचा हीटर रोज तीन तास चालल्यास सहा आणि महिन्यास 180 युनिटे. येथवर चूक सहसा होत नाही. ती दरात होते. मागील देयकाच्या रकमेस युनिटांनी भागून आलेला सरासरी दर लावण्याची प्रथा आहे. परंतु महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. हीटरची युनिटे नेहमीच्या वापरावर चढतात. म्हणून त्यांना वरचाच टप्पा लागतो.

समजा, घराचा वापर 240 युनिटे आहे आणि वहन आकार, वीज शुल्क इत्यादी धरून पहिल्या तीन टप्प्यांचे दर 6, 12 व 17 रुपये पडतात. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल, खरे आपल्या देयकावरून घ्यावेत.) सरासरी साडेनऊ रुपये येते व हीटरचा खर्च 1710 रुपये भासतो. प्रत्यक्षात 60 युनिटे बारा रुपयांनी व 120 सतरा रुपयांनी, एकूण 2760 रुपये. स्थिर आकार यात धरू नये. हीटर नसला तरी तो भरावाच लागतो.

‘हा हीटर वीज कमी खातो’ या विक्रेत्याच्या वाक्याला फारसा अर्थ नाही. तेलाचा असो वा पंख्याचा, 2000 वॅट घेतले की उष्णता तेवढीच. थर्मोस्टॅट असल्यास खोली तापल्यावर वीज मधूनमधून तुटते, त्यामुळे वरील रकमेस कमाल मर्यादा मानावे. मात्र 2000 वॅटला जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह लागतो. सहा अँपिअरच्या सॉकेटवर तो लावणे धोक्याचे.

खोली लहान असेल, तर 1000 वॅटची कळ पुरते. तेव्हा 90 युनिटांचे 1230 रुपये होतात. निम्म्याहूनही कमी, कारण महाग टप्प्यात केवळ तीसच युनिटे जातात. आजोबांच्या खोलीसाठी एवढी रक्कम डिसेंबरच्या घरखर्चात आधीच धरून ठेवता येते.