‘डूम’चा पुनर्जन्म: जुने खेळ आठवणींनी जगत नाहीत

१/
जुने संगणकीय खेळ आजच्या ऑनलाइन खेळाडूंसाठी पुन्हा उभे राहतात, तेव्हा त्याचे श्रेय बहुधा स्मरणरंजनाला दिले जाते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. आठवणींची ओढ असंख्य खेळांच्या वाट्याला येते. पुनर्जन्म मोजक्यांनाच लाभतो. हा भेद कशामुळे पडतो, हे ‘डूम’च्या कहाणीतून उमगते.

२/
टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ प्रसृत केला. नेटवर्कने जोडलेल्या संगणकांवर चौघांना तो एकत्र खेळता येई. पहिल्या आवृत्तीने कार्यालयांतील आणि विद्यापीठांतील नेटवर्कवर इतका ताण आणला की काही ठिकाणी त्यावर बंदी घालावी लागली.

३/
या खेळाची रचना एका खोलीपुरती, फार तर एका इमारतीपुरती होती. प्रत्येक संगणक सेकंदाला ३५ वेळा आपल्या खेळाडूची हालचाल इतरांना कळवी आणि सर्वांचे निरोप येईपर्यंत थांबून राही. एकाची जोडणी मंदावली की चौघेही खोळंबत. डाव सुरू झाल्यावर नव्या खेळाडूला आत येता येत नसे. इंटरनेटच्या लांब पल्ल्यासाठी ही रचना सोयीची नव्हती.

४/
२३ डिसेंबर १९९७ रोजी निर्णायक वळण आले. कंपनीचे मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी ‘डूम’चा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. मूळ डॉस आवृत्तीतील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, म्हणून लिनक्स आवृत्तीचा कोड देण्यात आला. आरंभी त्याचा व्यावसायिक वापर निषिद्ध होता; १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला.

५/
त्यानंतरचे काम चाहत्यांनी केले. ‘ओडामेक्स’सारख्या आवृत्त्यांनी जुनी रचना मोडून मध्यवर्ती सर्व्हर आणला. एकाच्या मंद जोडणीपायी सर्वांनी ताटकळण्याची गरज संपली. ‘चॉकलेट डूम’ने उलट वाट धरली: मूळ खेळाचे वागणे, त्यातील दोषांसह, जसेच्या तसे जपले आणि तरीही इंटरनेटवरून खेळण्याची सोय दिली. नवे करणे आणि जुने जपणे, ही दोन्ही कामे एकाच कोडमुळे शक्य झाली.

६/
यात कंपनीचे नुकसान झाले काय? तसे दिसत नाही. खुला झाला तो केवळ कोड. चित्रे, नकाशे व संगीत यांचे हक्क मालकाकडेच राहिले आणि ‘डूम’ आजही विकला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या अधिकृत आवृत्तीत १६ जणांना ऑनलाइन खेळता येते. विशेष म्हणजे चाहत्यांनी १९९८ मध्ये रचलेल्या ‘बूम’ या आवृत्तीच्या सुधारणाही तिने स्वीकारल्या. दिलेले दान व्याजासह परत आले.

७/
दुसरे टोक ‘सिटी ऑफ हीरोज’चे. २००४ मध्ये आलेला हा खेळ पूर्णपणे कंपनीच्या सर्व्हरवर चाले. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पैसे भरलेल्या खेळाडूंच्या हाती काहीच उरले नाही. मोजक्या लोकांनी तो वर्षानुवर्षे गुपचूप चालवल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. चाहत्यांच्या ‘होमकमिंग’ सर्व्हरला मालक एनसीसॉफ्टचा अधिकृत परवाना मिळाला तो जानेवारी २०२४ मध्ये. जे काम एका निर्णयाने उजळ माथ्याने झाले असते, त्याला चोरवाट शोधावी लागली.

८/
कंपन्यांचे आक्षेप अगदीच निराधार नाहीत. कोडमध्ये इतरांच्या मालकीचे भाग असतात. सुरक्षिततेचेही प्रश्न असतात. पण पहिल्या अडचणीवरचा उपाय ‘डूम’ने १९९७ मध्येच दाखवला: परक्याचा भाग वगळावा, उरलेले द्यावे. संपूर्ण कोड देणे अशक्य असेल, तर निदान चालू शकेल असा सर्व्हर तरी द्यावा.

९/
व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. छापील ग्रंथाची आवृत्ती संपली तरी एखादी प्रत कुठल्यातरी ग्रंथालयात सापडते. सर्व्हरवर विसंबलेल्या खेळाची अशी प्रत कोणाच्याच कपाटात नसते.

१०/
म्हणून खेळ बंद करतानाच त्याच्या पुढच्या आयुष्याची तजवीज करणे, हे प्रकाशकाचे कर्तव्य मानले पाहिजे. ते स्वेच्छेने होत नसेल, तर कायद्याने व्हावे. चाहत्यांची निष्ठा खेळाला पुन्हा उभे करू शकते. पण त्यासाठी किल्ली कोणीतरी वेळेवर हाती द्यावी लागते.

(समाप्त)