‘ओये बस’

१६ एप्रिल २०२०च्या रात्री, टाळेबंदीत, कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले इथे जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारे, किडन्या काढणारे फिरताहेत, ही आवई आधीपासून पाड्यापाड्यांत पोहोचली होती. मला जास्त बोचते ती नंतरची आवई. त्या घटनेच्या व्हिडिओत कुणीतरी ‘ओये बस’ म्हणत होतं. ते ‘शोएब बस’ म्हणून ऐकवलं गेलं आणि ही हत्या म्हणजे धार्मिक कट ठरवण्यात आला. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नव्हता. तरी आमच्या विरारच्या सोसायटीतल्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरतच राहिला. पहिल्या आवईमागे भीती होती. दुसरी शिकल्यासवरल्या, नोकरदार माणसांनी घरी बसून पुढे ढकलली, आणि हे मला अधिक गंभीर वाटतं. वाडवळ, आगरी, ख्रिस्ती, मुसलमान, आदिवासी असे सगळे जिथे एकाच बाजारात भाजी घेतात, तिथे हे विष फार लवकर भिनतं. चारचौघांत खोडून काढलं की माणूस हट्टाला पेटतो, म्हणून मी ग्रुपवर वाद घालत नाही, फोन करते, नाहीतर जिन्यात गाठून विचारते, “काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं? त्यांनी स्वतः पाहिलं का?” बहुतेक वेळा उत्तर येत नाही, पण पुढचा मेसेजही येत नाही. असा एक फोन तुम्हीही करा.