कातकऱ्याच्या पोराकडे पुरावा मागणारे आपण कोण?

दिवाळी सरली की भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे वाडी सोडतात. ठेकेदाराची उचल घेऊन खर्चही झालेली असते. ती फेडायला वीटभट्टी नाहीतर कोळशाची भट्टी गाठावी लागते. आई-बाप जातात, म्हणून पोरही जाते. हजेरीपटावर फक्त नाव उरते. पावसाळ्याच्या तोंडावर पोर परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. दोन-तीन वर्षे असे झाले की निर्णय दिला जातो, ‘यांना शिक्षणाची आवडच नाही.’ आपल्या बापजाद्यांविषयी हेच बोलले जात होते, हे आपण विसरलो काय?

खैरापासून कात काढणारी ती कातकरी जमात. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल सरकारजमा झाले आणि हा धंदा बुडाला. कोलाम आणि माडिया गोंडांसह कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. अशा जमातींसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘पीएम-जनमन’ योजना आणली. पण भोर-वेल्हे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्राबाहेर आहेत आणि आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या माणसाने मजुरी बुडवून, गाडीभाडे खर्चून उत्तरेला जायचे, तेही एका कागदासाठी!

कायदा अपुरा आहे असे नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून अडवता येत नाही (कलम ५). मुलाला वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून द्यायचा आहे (कलम ४). स्थलांतरितांच्या मुलांचा प्रवेश हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे (कलम ९). म्हणजे पोर शाळेबाहेर राहिले तर गुन्हेगार पोर नव्हे, यंत्रणा आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. उदाहरण म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर वेल्ह्यातील पानशेतची शाळा दाखवली. चांगल्या इमारतीला आणि बसला आमचा विरोध नाही. पण जे पोर सहा महिने भट्टीवर राहते, त्याच्या खोपटापर्यंत ही बस जाणार आहे काय? १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ चालवल्या. पोर जिथे, तिथे शाळा. ते तेव्हा जमले, तर आज सरकारला का जमू नये?

त्यातूनही एखादे पोर दहावीपर्यंत पोचलेच, तर पुढे जातीचा दाखला आडवा येतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. ज्याच्या आज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती आणि ज्याने शाळेचा उंबरठा पाहिला नव्हता, त्याने कुठला कागद आणावा? एका कार्यालयात आम्ही अशाच एका मुलाबरोबर उभे होतो. ‘पुरावा आणा, मग या,’ असे सांगणारा कारकून आपल्याच समाजाचा होता. त्याच्या टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचे चित्र होते. आमची मान खाली गेली.

कागदाची किंमत आपल्याला ठाऊक नाही काय? १९५६ साली आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडलो. चौतीस वर्षे! तेव्हा खुर्चीत बसलेल्यांना आपण जातीयवादी म्हणत होतो. आज त्या खुर्चीत आपण आहोत.

१९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्य आणि आदिवासी या दोघांच्याही स्थितीची चौकशी त्या समितीने केली आणि १९३० मध्ये अहवाल दिला. बाबासाहेबांसमोर हे दोन्ही प्रश्न एकत्र होते. ते वेगळे केले आपण.

म्हणून भोर-वेल्ह्यातील कार्यकर्त्यांना आमचे आवाहन आहे. प्रत्येक विहार समितीने जवळची एक कातकरी वाडी आपली मानावी. दिवाळीपूर्वी तिथल्या प्रत्येक मुलाची यादी करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी. पोर ज्या गावी जाणार तिथल्या शाळेत त्याचे नाव लागेपर्यंत पाठपुरावा करावा. प्रांताधिकाऱ्यांनी वाडीवर येऊन, चौकशी करून तिथेच दाखले द्यावेत, अशी मागणी लावून धरावी. उचलीच्या नावाखाली कुटुंब डांबले गेले असेल, तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. अशा कामात आम्ही वकील मंडळी एक पैसाही न घेता उभे राहू.

‘शिका’ हा आदेश केवळ आपल्या घरापुरता नव्हता. येत्या दिवाळीआधी पहिली यादी तयार झाली पाहिजे.

जय भीम!