बाईचा नंबर कधी लागणार?

"आता या वयात तिला काय वाचायचंय?" मावशीच्या मोतीबिंदूचा विषय निघाला की घरात हे वाक्य ठरलेलं. काकांचे दोन्ही डोळे मात्र पहिल्या तक्रारीलाच झाले होते. त्यांना बँकेत सही करावी लागते ना! मावशी तीन वर्षं चाचपडत स्वयंपाक करत राहिली. वर "अजून पिकला नाही" हे आणखी एक निमित्त. मैत्रिणींनो, हे निमित्त आता कुणाचंच ऐकून घेऊ नका. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहायची ती जुन्या पद्धतीत. आज तशी गरज नाही, उलट फार कडक झालेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो.

1949 साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरल्ड रिडली यांनी पहिलं कृत्रिम भिंग डोळ्यात बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या प्लास्टिकचे कपचे डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं शिबिरात नुसता मोतीबिंदू काढायचे आणि जाड भिंगांचा चष्मा हाती द्यायचे. तो फुटला की बाई पुन्हा आंधळी. नवा मागायचा कुणाकडे? परदेशी भिंगाला शंभरेक डॉलर पडत. 1992 साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ऑरोलॅब काढली आणि भिंग दहाएक डॉलरवर आणलं, पुढे त्याहूनही खाली. आता तर घडी घालून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाणारी भिंगं आहेत, जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारीही आहेत.

तरीही गरीब देशांतल्या अनेक पाहण्या एकच सांगतात: मोतीबिंदू बायकांत जास्त, पण गरजेच्या मानाने ऑपरेशनं कमी. भिंग स्वस्त झालं, पण बाईला नेणार कोण, एस.टी.चे पैसे देणार कोण आणि ती पडून राहिली तर भाकऱ्या थापणार कोण, हे प्रश्न तिथेच आहेत.

शेवटी मीच मावशीला घेऊन गेले. मावसभाऊ सोबत होता. काउंटरवर पॅकेजांचा तक्ता. तिथल्या माणसाने विचारलं ते भावाला: "आजींना बारीक काम नसतं ना? मग साधी लेन्स चालेल." मावशी शेजारीच बसलेली! तांदूळ निवडणं, सुईत दोरा ओवणं, भाजीतली अळी शोधणं, नातीच्या डोक्यातल्या उवा काढणं, हे बारीक काम नाही? साधं भिंग एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवतं, आणि ते अंतर बहुधा लांबचं धरतात. बाईचं निम्मं आयुष्य हातभर अंतरावर जातं.

महागडं भिंग घ्या, असं मी म्हणत नाही. त्यातल्या काहींनी रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. साधं भिंग आणि जवळचा चष्मा यावर उत्तम भागतं. पण तो चष्मा लागेल हे मावशीला कुणी सांगितलंच नाही. ऑपरेशन चांगलं झालं होतं, आणि ही बिचारी दोन महिने ते फसलं असं समजून गप्प बसली!

पुढच्या शिबिरात आपल्या गटाने दारात वही घेऊन बसावं. किती बायका तपासल्या, किती ऑपरेशनला नेल्या, कितीजणींना "तुम्ही काम काय करता?" असं विचारलं, किती जवळचा चष्मा घेऊन परतल्या, सगळं मोजावं. आमच्या गावात मी हे करणार आहे. वहीतलं पहिलं नाव मावशीचं. तिचा दुसरा डोळा अजून व्हायचाय.