आपल्या बाळांचे मेंदू आपणच पाहावेत

जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडला, पण डॉक्टरांनी श्वास सुरू केला आणि अंग गुलाबी झाले, म्हणजे संकट टळले असे कोणालाही वाटेल. १९८०च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ऑस्मंड रेनॉल्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांना निराळेच दिसले.

नादकाट्याचे अनुस्पंदन तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. चुंबकीय क्षेत्रातील फॉस्फरसची अणुकेंद्रेही ठराविक कंप्रतेच्या रेडिओलहरींना असाच प्रतिसाद देतात. अणू कोणत्या संयुगात आहे, त्यानुसार ती कंप्रता किंचित बदलते. पेशींची ऊर्जा साठवणारी संयुगे फॉस्फरसचीच असल्याने बाळाला सुईदेखील न टोचता मेंदूतील ऊर्जेचा साठा अजमावता आला! पहिल्या दिवशी तो बहुधा ठीक असे. नंतरच्या एक-दोन दिवसांत, प्राणवायू भरपूर मिळत असतानाही, तो घसरे.

म्हणजे मध्ये काही तास हाताशी होते. त्यांचा उपयोग करण्यासाठी बाळाला थंड ठेवण्याचा उपचार पुढे आला. जन्मापासून सहा तासांच्या आत सुरुवात करायची आणि शरीराचे तापमान ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सियस राखायचे. श्रीमंत देशांत त्याने अनेक बाळे वाचली.

मग तो आपल्याकडे का आणू नये? भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर त्याची रीतसर चाचणी झाली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली; न ठेवलेल्यांपैकी ३१ टक्के.

असे का व्हावे? वाचलेल्या बाळांच्या एमआरआय चित्रांत मुख्यतः मेंदूच्या पांढऱ्या द्रव्याची इजा आढळली. एकाएकी प्राणवायू तुटला तर मेंदूच्या खोल भागातील केंद्रे आधी दुखावतात. तेव्हा आपल्याकडे इजा प्रसूतीच्या बरीच आधी, सावकाश सुरू होत असावी, असा एक तर्क आहे. तो खरा असेल, तर सहा तास मोजायला आपण सुरुवात करतो तेव्हाच वेळ निघून गेलेली असते.

म्हणून थंड करणारी उपकरणे घेण्याआधी आपल्या बाळांच्या मेंदूंची चित्रे मोठ्या प्रमाणावर अभ्यासावीत, असे माझे मत आहे. एमआरआय यंत्र महाग असते, हे खरे. पण प्रत्येक बाळाला त्यात ठेवा असे मी म्हणत नाही. काहीशे बाळांची चित्रे जन्मानंतर ठरलेल्या दिवशी काढून, आईच्या गरोदरपणातील नोंदींशी ताडून पाहिली, तरी पैसा बाळ थंड करण्यावर खर्चावा की गर्भवतीच्या तपासणीवर, हे ठरवायला आधार मिळेल.