‘हो’ वदवून घेणं म्हणजे वाद नव्हे

खराडीच्या आयटी पार्कात मीटिंग संपते तेव्हा सगळे ‘अलाइन’ झालेले असतात. पटलेलं कुणालाच नसतं. प्लॅनमधली खोट दाखवणारा ज्युनिअर ‘निगेटिव्ह’ ठरतो. मग ट्रेनिंग होतं ‘कम्युनिकेशन स्किल्स’चं: समोरच्याकडून ‘हो’ कसं वदवून घ्यायचं.

याला वाद म्हणू नका. गौतमाच्या न्यायसूत्रांनी केव्हाच भेद केलाय: सत्यासाठी करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं खोडत बसणं म्हणजे वितंडा. आपण जल्पाची सर्टिफिकेटं वाटतोय.

शिकवायचंच तर पूर्वपक्ष मांडायला शिकवा. आधी त्या ज्युनिअरचं म्हणणं असं सांगा, की तोच म्हणेल, ‘हो, हेच म्हणायचं होतं मला.’ मग खुशाल खोडा. जमलं तर.